दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर लिस्टिंग बंद ठेवायची म्हणतायत, खरंच काही होतं का याने?

सोलापूरकर_चादरवाला:

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असतो, पण आता डोकं चालंना म्हणून धागा काढतोय. आमचं सोलापुरात चादरी आणि टॉवेलचं छोटं काम आहे, वडिलांच्या वेळेपासून, आणि गेली पाच वर्षं मी एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल विकतोय (नाव नको ओ, अकाउंट चालू आहे अजून). सुरवातीला बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू, लॉकडाऊनमधे त्याच्यावरच घर चाललं. पण गेल्या महिन्यात नवीन रेट कार्डचा मेल आला आणि सगळं गणितच फिरलं.

हिशोब सांगतो. चादर विकतो ६४९ ला. कमिशन ७८, फिक्स फी ४५, शिपिंग १३२, झाले २५५, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३०१ गेले. हातात येतात ३४८. चादर मला पॅकिंगसकट २९० ला पडते. राहिले ५८. आता गिऱ्हाइकाने परत पाठवली, कारण काहीही असो, अगदी "आवडली नाही" असलं तरी, रिटर्न शिपिंग माझ्याच डोक्यावर, १५५ अधिक जीएसटी, म्हणजे १८३ रुपये. एक रिटर्न आला की तीन चादरींचा नफा गेला समजा. आणि वर परत आलेली चादर कधीकधी वापरून धुतलेली असते, क्लेम टाकला की रिजेक्ट, पॅकिंगचा व्हिडिओ जोडला तरी रिजेक्ट. वजनाची तर वेगळीच कथा. चादर भरते १ किलो ३०० ग्रॅम, पण हे लोक पार्सलचं माप घेतात, ४० बाय ३२ बाय ९, भागिले ५०००, झाले २ किलो ३०० ग्रॅम! हवेचं पण भाडं घेतात. वर टीसीएस टीडीएस म्हणून आगाऊ कर कापतात तो एक टक्का आणि एक टक्का वेगळाच.

तर आमचा सेलर लोकांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, २४० जण, बरेचसे महाराष्ट्रातले, थोडे गुजरात आणि कर्नाटकातले. तिथे ठरतंय की १ तारखेपासून ७ तारखेपर्यंत सगळ्यांनी अकाउंट हॉलिडे मोडवर टाकायचं, एकपण ऑर्डर घ्यायची नाही, म्हणजे कंपनीला कळेल. ग्रुपवर रोज "एकीचं बळ" वगैरे मेसेज पडतात. माझी बायको म्हणते तुम्ही बंद ठेवाल आणि त्याच आठवड्यात समोरचा पानिपतचा चादरवाला तुमची गिऱ्हाइकं घेऊन जाईल. ती ऑर्डरी पॅक करते त्यामुळे तिचं म्हणणं उडवून लावता येत नाही. असं कुठे झालंय का आधी, आणि झालं असेल तर कंपनीवाले नमले का? अनुभवी लोकांनी सांगा.


तिकीटघर:

चादरवाले, वहिनींचं ऐका एवढंच म्हणून थांबणार होतो, पण थोडा जुना इतिहास सांगतो.

मी पोस्टाची तिकिटं आणि जुनी नाणी जमवतो, त्यामुळे २००५ च्या आसपासपासून ईबेवर पडीक असायचो, म्हणजे अमेरिकेतल्या साइटवर, नुसता खरेदीला. २००८ च्या जानेवारीत त्यांनी असाच बॉम्ब टाकला. लिस्टिंगची फी थोडी कमी केली आणि विक्री झाल्यावरची फी वाढवली, पहिल्या २५ डॉलरवर सव्वापाच टक्क्यांची पावणेनऊ टक्के केली. वरून "आम्ही फी कमी करतोय" असं सांगितलं, ते तर लोकांना जास्त झोंबलं. दुसरं म्हणजे फीडबॅक. तोपर्यंत विकणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत होते, आता विकणाऱ्याने घेणाऱ्याला वाईट शेरा द्यायचाच नाही असा नियम आला, मे महिन्यापासून. कंपनीचं म्हणणं असं की विक्रेते बदला म्हणून शेरे देतात आणि गिऱ्हाईक घाबरतं. यात तथ्य होतं बरं का, मी स्वतः एकदोनदा घाबरून गप्प बसलोय. पण विक्रेत्यांना वाटलं आपला एकुलता एक दात काढून घेतला. शिवाय पेपालवर (ऑनलाइन पैसे द्यायघ्यायची सोय) काही व्यवहारांचे पैसे २१ दिवसांपर्यंत अडकवून ठेवायचं पण तेव्हाच आलं, आणि पेपाल तेव्हा ईबेच्याच मालकीचं, २००२ मधे घेतलेलं. म्हणजे दुकानही त्यांचं आणि गल्लाही त्यांचाच.

मग १८ फेब्रुवारीपासून एक आठवडा बहिष्कार. फोरम पेटले होते, यूट्यूबवर व्हिडिओ, पेपरात बातम्या, सगळं झालं. लिस्टिंग किती घटल्या यावरून दोन्ही बाजूंनी वेगवेगळे आकडे फेकले. मला खरेदीदार म्हणून काय दिसलं सांगू? काहीच नाही. मला हवी असलेली तिकिटं दुसरा कोणीतरी विकत होता. नियम मे महिन्यात ठरल्याप्रमाणे लागू झाले. तुमच्या आठवड्याच्या बंदचं नेमकं हेच होईल असं नाही म्हणत, पण रस्त्यावरचं दुकान बंद असलं तर निदान शटर दिसतं, ऑनलाइन बंद दुकान दिसतच नाही. त्या जागी दुसरं येतं.

पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात वेगळं घडलं आणि ते लोक विसरतात. तिथे ईबेने ठरवलं की पैसे घ्यायचे तर पेपालनेच (समोरासमोर रोख दिले तर गोष्ट वेगळी). हे करायला तिथल्या स्पर्धा आयोगाला (मक्तेदारीवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) कळवावं लागतं, तसं त्यांनी कळवलं, आणि आयोगाने लोकांची मतं मागवली. विक्रेत्यांनी, बँकांनी, साध्या गिऱ्हाइकांनी रीतसर लेखी हरकती पाठवल्या, ढिगाने. जूनमधे आयोगाने सांगितलं की हे आम्ही चालू देणार नाही असं दिसतंय, आणि जुलैत ईबेने बेत गुंडाळला. बघा, तीच कंपनी, तेच वर्ष. एकीकडे आठवडाभर बंद, परिणाम शून्य. दुसरीकडे कागदावर हरकती, माघार.

अवांतर: आपल्याकडचं बाझी डॉट कॉम २००४ मधे ईबेनेच घेतलं होतं, पुढे ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि २०१८ च्या ऑगस्टमधे बंदच पडलं. मक्तेदारी कायमची नसते, पण तोवर आपण टिकलो पाहिजे ना.


पैठणी_पिशवी:

मी न्यू जर्सीत असते, जुन्या पैठण्यांच्या काठांच्या पर्स आणि बटवे करते, एट्सी नावाच्या साइटवर दुकान आहे. तुमचा धागा वाचून २०२२ आठवलं.

एट्सीचं कमिशन आधी साडेतीन टक्के होतं, २०१८ मधे पाच झालं आणि शिपिंगवर पण लागायला लागलं, आणि ११ एप्रिल २०२२ पासून साडेसहा. आधीच्या वर्षी कंपनीने विक्रमी कमाई केलेली, सगळ्या जगाने मास्क आणि हाताने केलेल्या वस्तू तिथून घेतल्या होत्या ना, आणि मग वर ही वाढ, त्यामुळे लोक भडकले. त्याच दिवसापासून आठवडाभर हजारो दुकानं व्हेकेशन मोडवर गेली. पिटिशनवर ८० हजाराच्या वर सह्या होत्या असं आठवतंय, त्यात गिऱ्हाइकं पण होती. मागण्या नुसत्या फीच्या नव्हत्या, कारखान्यातला माल हाताने केला म्हणून विकणाऱ्यांना काढा, आणि जाहिरातींची सक्ती बंद करा अशाही होत्या. ती जाहिरात म्हणजे अशी की तुमची वर्षाची विक्री १० हजार डॉलरच्या वर गेली की बाहेरच्या साइटवर ते तुमची जाहिरात करणार, तिथून कोणी आलं आणि घेतलं की १२ टक्के जास्तीचे द्यायचे, आणि नको म्हणायची सोयच नाही. छोट्या दुकानांना नको म्हणता येतं. म्हणजे धंदा वाढला की शिक्षा.

फी मागे घेतली का? नाही. साडेसहा ते साडेसहाच.

पण काही म्हणजे काहीच झालं नाही असं पण नाही, आधी कोणी कोणाला ओळखत नव्हतं, सगळी घराघरात बसून एकेकटी काम करणारी माणसं, त्यातून नंतर विक्रेत्यांची एक संघटना उभी राहिली, इंडी सेलर्स गिल्ड म्हणून. पेपरांनी पहिल्यांदा या धंद्याकडे कामगारांच्या नजरेने पाहिलं.

आता कबुली. मी दुकान बंद ठेवलं नव्हतं. मे महिन्यातल्या लग्नांच्या रिटर्न गिफ्टच्या ऑर्डरी होत्या, चाळीस बटवे, बंद ठेवलं असतं तर नवीन येणाऱ्या बुडाल्या असत्या. पिटिशनवर सही केली आणि गप्प शिवत बसले. त्या आठवड्यात माझ्याकडे नेहमीपेक्षा जास्तच ऑर्डरी आल्या. कोणाच्या वाट्याच्या आल्या ते कळायला फार हुशारी लागत नाही. अजून टोचतं ते. तर तुमच्या २४० मधे माझ्यासारख्या किती असतील ते मोजा, ग्रुपवर अंगठा दाखवणारे आणि मागच्या दाराने पार्सल देणारे.


गिऱ्हाईक_राजा:

एक गिऱ्हाईक म्हणून बोलते, राग मानू नका. रिटर्न आहे म्हणूनच मी ऑनलाइन घेते. दुकानात चादर हातात घेऊन बघता येते, फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. मागे "सोलापुरी" म्हणून मागवली आणि पहिल्या धुण्यात रंग सुटून नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट गुलाबी झाले. परत केली, पैसे मिळाले. तुम्ही सगळे फीबद्दल बोलताय पण विकणारे पण काही संत नाहीत.


सोलापूरकर_चादरवाला:

ताई राग कसला, पण ती सोलापूरची नव्हतीच असं मी चादर न बघता सांगतो. आमच्या नावावर ३९९ ला काय काय विकतात, पॉलिस्टर मिक्स, वर सिद्धेश्वर मंदिराचा फोटो. गिऱ्हाइकाला वाटतं सोलापूरची चादर अशीच. रिटर्न नको असं मी म्हणतच नाही, चूक माझी असेल तर खर्च माझा. पण घरात लग्नाचे पाव्हणे आले म्हणून सहा चादरी मागवायच्या आणि पाव्हणे गेले की परत, हे झालंय माझ्याबरोबर. चादरीला अत्तराचा वास येत होता ओ.


तर्री_जास्त:

अत्तराचा वास 😂😂

ठाण्यात माझं छोटं हॉटेल आहे म्हणून २०१९ चं सांगतो. झोमॅटो गोल्ड आठवतंय का, मेंबर गिऱ्हाइकाला एका डिशवर एक फुकट किंवा दोन ड्रिंकवर दोन. मेंबरशिपचे पैसे झोमॅटोला आणि फुकटची डिश हॉटेलवाल्याच्या खिशातून. १५ ऑगस्टच्या सुमाराला गुरुग्रामच्या हॉटेलांपासून लॉगआउट सुरू झालं, रेस्टॉरंट असोसिएशनने उचलून धरलं, आणि काही दिवसांत मुंबई पुण्यासकट देशभर हजाराच्या वर हॉटेलं असल्या डिस्काउंटच्या स्कीममधून बाहेर पडली. आणि इथे कंपनी हलली. झोमॅटोच्या दीपिंदर गोयलने ट्विटरवर चुका झाल्या म्हणून मान्य केलं, हॉटेलवाल्यांना लॉगआउट थांबवा म्हटलं, गोल्ड दिवसातून एकदाच आणि एका टेबलावर दोनच असे बदल केले.

का हलली? माझं मत सांगतो, चूक असेल तर सांगा. गिऱ्हाईक हॉटेलात पायाने चालत येतं. त्याला माझी मिसळ खायची असेल तर ॲप नसलं तरी येतं. म्हणजे गोल्ड सोडून आमचं फार बिघडत नव्हतं, उलट गोल्डमधे हॉटेलंच नसतील तर मेंबरशिप घेणार कोण. पण नीट बघा, त्या वेळी डिलिव्हरीतून कोणी लॉगआउट केलं नाही. डिलिव्हरीचं कमिशन तेव्हापण बोचत होतं, पण तिथे गिऱ्हाईक ॲपचं होतं, आमचं नव्हतं. तिथे सोडलं असतं तर आम्हीच उपाशी. म्हणून त्याच्यासाठी मग २०२१ मधे असोसिएशन स्पर्धा आयोगाकडे गेली, झोमॅटो आणि स्विगी दोघांविरुद्ध, आणि २०२२ च्या एप्रिलमधे चौकशीचा आदेश निघाला.

तर दादा, एकच प्रश्न स्वतःला विचार. तुझी चादर घेणारं माणूस तुला शोधत येतं का "चादर डबल बेड" असं टाइप करतं? दुसरं असेल तर हॉलिडे मोड म्हणजे तुलाच हॉलिडे. वर आठवडाभराने परत चालू केल्यावर सर्चमधे कितव्या पानावर जाशील ते वेगळंच, आणि तेही ऐन दिवाळीत.


ताळेबंद:

+१ तर्री_जास्त.

आधी एक दुरुस्ती. टीसीएस आता एक टक्का नाही, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, आणि टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. आणि हे दोन्ही कंपनी खात नाही, तुमच्याच नावावर जमा होतं. टीसीएस जीएसटीच्या कॅश लेजरमधे येतो, टीडीएस रिटर्न भरताना. तुमच्या सीएने क्लेम केलाय का ते आजच विचारा, अर्धे विक्रेते विसरतात. कंपनीच्या पापात हे घालू नका, नाहीतर निवेदनात एक चूक सापडली की ते बाकीचं पण फेकून देतात.

आता स्पर्धा आयोगाचं. वर ऑस्ट्रेलियाचं वाचून कोणी हुरळून जाऊ नये म्हणून सांगतो. आपल्याकडे १३ जानेवारी २०२० ला आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, तक्रार दिल्ली व्यापार महासंघाची. ठराविक लाडक्या विक्रेत्यांना पुढे करणं, मोठाले डिस्काउंट, मोबाईल फक्त एकाच साइटवर आणणं वगैरे मुद्दे. त्याच आठवड्यात ॲमेझॉनचे जेफ बेझोस भारतात आलेले, छोट्या धंद्यांना ऑनलाइन आणायला एक अब्ज डॉलर टाकतो म्हणाले, बाहेर व्यापारी काळे झेंडे घेऊन, आणि वाणिज्यमंत्री पियूष गोयल म्हणाले यात काही उपकार नाहीत. वातावरण एकदम तापलेलं. आणि फेब्रुवारीत कर्नाटक हायकोर्टाची स्थगिती. ती उठायला २०२१ चा जून उजाडला, मग अपील, मग ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टाने चौकशी थांबवायला नकार दिला, २०२४ मधे तपासाचा अहवाल कंपन्यांच्या विरोधात गेल्याच्या बातम्या आल्या, आणि पुन्हा वेगवेगळ्या हायकोर्टांत याचिका. हे सगळं मोठ्या संघटनांच्या पैशावर. चादरवाले, तुमची या दिवाळीची अडचण यातून सुटणार नाही.

सरकारी नियम आले की कंपन्या वाट काढतात हेही पाहिलंय. डिसेंबर २०१८ च्या प्रेस नोट २ ने सांगितलं की ज्या विक्रेत्यात मार्केटप्लेसचा हिस्सा आहे त्याने तिथे विकायचं नाही, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू. ॲमेझॉनने तिथल्या क्लाउडटेल नावाच्या विक्रेत्यातला आपला हिस्सा कमी केला आणि ते दुकान पुन्हा चालू झालं, ते बंद व्हायला २०२२ चा मे आला.

मग करायचं काय? मला तुमच्या दुसऱ्या पोस्टमधे जास्त दम दिसला, पहिल्या पोस्टपेक्षा. सोलापुरी चादरीला जीआय आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाला लावायचं असा कायदेशीर शिक्का. रेट कार्ड हा कंपनीचा आणि तुमचा करार, तिथे ते म्हणणार नको असेल तर जा. पण दुसऱ्याच गावचा माल सोलापुरी नावाने विकू देणं हा कायद्याचा प्रश्न आहे. १९९९ चा जीआय कायदा आहे, त्यात उत्पादकाला ऑथराइज्ड युजर म्हणून चेन्नईच्या रजिस्ट्रीत नोंद करता येते, आणि नोंद झाली की उल्लंघनाविरुद्ध स्वतः दावा लावता येतो. तुमच्या २४० पैकी सोलापूरचे चादरवाले किती? वीस? त्या वीस जणांनी नोंद करून एकाच दिवशी खोट्या लिस्टिंगची यादी लिंकसकट, स्क्रीनशॉटसकट तक्रार अधिकाऱ्याला पाठवली, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी असा अधिकारी ठेवणं सक्तीचं आहे आणि त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते, हे नियम ग्राहकांसाठी आहेत हे खरं पण अधिकाऱ्याचं नाव पत्ता तर मिळतो, तर ३९९ वाले थोडे तरी कमी होतील. मग ६४९ चे ७२९ करायला जागा मिळते. फीविरुद्ध लढण्यापेक्षा हे सोपं आहे.


तिकीटघर:

ताळेबंद, मुद्दा पटला, पण "नको असेल तर जा" हे इतक्या सहज सोडू नका हो. जायचं कुठे? तिथेच तर सगळी मेख आहे. दुसरीकडे गेलो तर पाच वर्षांचे रिव्ह्यू, रेटिंग, सगळं मागेच राहतं, गिऱ्हाइकाचा नंबर पण विक्रेत्याला मिळत नाही.


ताळेबंद:

मान्य. ओएनडीसी त्याच्यासाठीच काढलंय म्हणे सरकारने, २०२२ पासून, म्हणजे विक्रेता एका ॲपवर आणि गिऱ्हाईक दुसऱ्या ॲपवर असलं तरी व्यवहार होतो. माझे दोन क्लायंट आहेत तिथे. ऑर्डरी येतात, पण घर चालेल इतक्या नाहीत. शून्य कमिशनवाले पण आहेत, मीशोने २०२१ मधे सुरू केलं तसं, पण तिथे कमिशन शून्य असलं तरी शिपिंग आणि रिटर्नचा हिशोब मांडूनच उतरा.


सोलापूरकर_चादरवाला:

सगळ्यांचे आभार ओ. टीसीएसचं सीएला विचारलं, दोन वर्षांचा पडून आहे लेजरमधे, त्याला पण माहीत नव्हतं म्हणे, काय बोलावं.

तर्री_जास्त यांचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. तिने लगेच मागच्या महिन्याच्या ऑर्डरी काढल्या, २१२ होत्या. आमच्या ब्रँडचं नाव टाकून आलेलं एकही गिऱ्हाईक असेल असं वाटत नाही, पुन्हा घेणारे नऊ निघाले. म्हणजे मी गेलो तर शोधणारे नऊ. ग्रुपवर हे टाकलं तर एकाने "घाबरट" म्हटलं. असू दे. त्याचं अकाउंट १ तारखेला खरंच बंद आहे का ते मी बघणारे.

मी बंद ठेवत नाही. सोलापूरचे म्हणून ग्रुपमधे सतरा जण निघाले, त्यातले अकरा जीआयच्या नोंदीला तयार आहेत, बाकीचे म्हणतात आधी तुमचं होऊ दे मग बघू. कोणी ही नोंद केली असेल तर किती दिवस लागतात आणि हातमाग-यंत्रमागाची काय भानगड असते का ते सांगा.


गिऱ्हाईक_राजा:

दादा मला खरी सोलापुरी हवी आहे, डबल बेडची, दोन. इथूनच डायरेक्ट देता का? जीपे करते. पण रंग सुटला तर?


सोलापूरकर_चादरवाला:

देतो की ताई. व्यनि (खाजगी मेसेज) करा. ५५० ला एक, पोस्टाचा खर्च वेगळा. रंग सुटला तर फोटो टाका, बदलून देतो, शर्टाची गॅरंटी नाही 😀 पोस्टाने सात-आठ दिवस लागतील.


गिऱ्हाईक_राजा:

आठ दिवस?? ॲपवर परवा येते ना पण.